पास घेऊन उतरलेला माणूस

दत्ताराम नाटेकरांबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहून झालं आहे. त्यांच्या वकीलबाईंनी सरकारला लिहिलं, दत्तारामांच्या मुलीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी लिहिलं, तिच्या आईच्या चर्चमधल्या लोकांनी लिहिलं. मीही लिहिलं, ‘या गृहस्थांना मी अनेक वर्षं ओळखते, ते सचोटीचे आणि कष्टाळू आहेत’ अशा थाटाचं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि एकाही वाक्यात दत्ताराम नव्हते. म्हणून आता मराठीत लिहिते आहे. ईशान, मीरा, हे तुम्हाला तुमची आई वाचून दाखवेल. मीरा, तू ॲन आर्बरहून फोनवर विचारलं होतंस, “आजी, व्हॉट हॅपन्ड टू दत्ताआजोबा?” आणि मी नेहमीसारखं “नंतर सांगते” म्हटलं होतं. ते नंतर म्हणजे हे.

त्यांची माझी ओळख चुकीच्या दारातून झाली. आम्ही ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या या घरात नवे होतो. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस, हातात बर्फाची निळी पेटी, अंगातला शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

“गुड ईव्हनिंग, मॅडम. मिस्टर पाटणकर?”

पाटणकर शेजारचे. मी सवयीनं आत वळून तुमच्या आजोबांना म्हटलं, “अहो, कुणीतरी पाटणकरांकडे आलंय.”

त्या माणसाचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, हे आपल्या माहेरचेच कुणी. “वहिनी, सुरमई हाय. सकाळी गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावर होती. बघा तरी.”

“आम्ही मासे खात नाही हो.”

“मग मराठीत कशाला बोललात?” ते म्हणाले. “उगाच माझा जीव हरकला.”

पेटी उचलून ते पाटणकरांकडे गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल. या वेळी हातात बरणी. “सोलकढी. ह्यात मासा नाय. वास आलाच तर तो माझ्या हाताचा.” तुमचे आजोबा दोन पेले प्यायले आणि म्हणाले, या माणसाला पुन्हा चुकीच्या दारात येऊ दे.

राजापूरजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे ते. विशीत जहाजावर चढले ते भंडारी म्हणून. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. मला भेटले तेव्हा ते ह्यूस्टनमधल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात काम करत आणि शनिवार-रविवारी आपल्या लोकांकडे स्वयंपाक करून देत. जहाज सोडून किती वर्षं झाली तरी जहाजानं त्यांना सोडलं नव्हतं. स्टॅफर्डमधल्या त्यांच्या लहानशा भाड्याच्या घरी जेवायच्या टेबलाला चारही कडांनी लाकडी पट्टी ठोकलेली होती, बोटभर उंच. डोलणाऱ्या जहाजावर ताटं घसरू नयेत म्हणून असते तशी. टेक्सासची जमीन कशाला डोलते? पण पट्टी होती. पातेल्यांचे कान दोरीनं बांधलेले, कपाटांना आकडे. मी एकदा हसले तर म्हणाले, “वहिनी, हलत नाय तोवर सगळ्यांनाच वाटतं जमीन हाय.”

त्यांची बायको रोझा. टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या नदीच्या अलीकडे जन्मलेली, म्हणजे जन्मानं अमेरिकन. शाळेच्या कँटीनमध्ये काम करायची. उंचीनं दत्तारामांपेक्षा टाचभर जास्त आणि आवाजानं हातभर. त्या घरात भांडण स्पॅनिश, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून चाले आणि समेट जेवणात होई. मुलगी एकच. तिचं नाव दत्तारामांनी आपल्या आईचं ठेवलं, शेवंती. रोझाला ‘शे’ म्हणता येई, पण ‘सेवी’ म्हणायलाच आवडे. शेवंतीचं मराठी बापाकडून आलेलं असल्यामुळे ती मला “काय करतव काकू?” असं विचारायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलायची.

जहाजावरून ते का उतरले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कारण ते प्रत्येकाला वेगळं सांगत. पुरुषांना सांगत, कॅप्टननं हात उगारला. पोरांना सांगत, बंदरात रस्ता चुकलो, अजून शोधतोय. रोझाच्या मैत्रिणींना सांगत, हिच्या हातचं खाल्लं आणि पाय जड झाले, जरी रोझा त्यांना भेटली ती दोन वर्षांनी. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “उतरलो. जेवलो. परत जायला उठलो तर उठवेना. बस.”

मात्र कसे उतरले हे ते नेहमी एकाच प्रकारे सांगत, आणि जरा ताठ बसून सांगत. जहाज ह्यूस्टनच्या बंदरात लागलं. अधिकारी वर आले. एकेका खलाशाचा चेहरा बघून, नाव लिहून, किनाऱ्यावर जायचा पास दिला. “शिडीवरनं उतरलो, वहिनी. दिवसाढवळ्या. गेटवरच्या माणसाला गुड मॉर्निंग केलं. चोरासारखा नाय आलो.” हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की ते सुरू झालं की रोझा पुढचा भाग स्पॅनिशमधून पूर्ण करायची.

पासाची मुदत संपली, जहाज गेलं, आणि ते इथे राहिले. बेकायदा. हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ते म्हणत, “माझा पास जुना झाला.”

एकदा इथल्या महाराष्ट्र मंडळाची सहल गॅल्व्हस्टनला गेली. तिथे खाडी ओलांडायला सरकारी फेरीबोट आहे, मोटारींसकट नेते. सगळे बोटीवर चढायला निघाले. दत्ताराम धक्क्यावरच उभे. “तुम्ही या जाऊन. मी सामान बघतो.”

“अहो काका, खलाशी माणूस तुम्ही, आणि बोटीला घाबरता?” कुणीतरी चिडवलं.

“डेकवर पाय ठेवला की मी परत क्रू,” ते म्हणाले. “कुनी भांडी घासायला लावली तर?”

सगळे हसले. आम्ही गेलो, डॉल्फिन बघितले, आलो. ते तिथेच उभे होते, सगळ्यांच्या पिशव्या पायाशी घेऊन, पाण्याकडे पाठ करून.

गाडी ते अशी चालवत की मागे वरात लागे. पुष्कळ वर्षं लायसन्स नव्हतं, तेव्हा रोझाच चालवायची. नाइलाज झाला तरच ते चाकामागे बसत, दोन्ही हात घट्ट, वेग पाटीवर लिहिलेला तेवढाच. लाल दिव्याला उजवीकडे वळता येतं हे सगळ्या टेक्सासला माहीत होतं, पण दत्ताराम हिरवा होईपर्यंत थांबत आणि मागचे भोंगे ऐकत. काहीही हाताशी आलंसं वाटलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, “बंदर दिसलं म्हंजे लागलं असं नाय.” कुकरच्या शिट्टीपासून शेवंतीच्या निकालापर्यंत सगळ्याला तेच.

त्यांची आई गेली ती बातमी फोनवर आली. जाण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायचा रस्ता बंद, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोकं भादरलं, बाराव्या दिवशी घरी सगळा स्वयंपाक केला, आईला आवडायचं ते पानावर वाढलं, आणि पान घेऊन मागच्या अंगणात गेले. आम्हीही होतो. कावळा येईना. इथे कावळे तसे कमीच. ऊन असं की पानावरचा भात सुकायला लागला. तासाभरानं रोझानं गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाली, चला.

तिनं आम्हाला ग्रोसरीच्या दुकानासमोरच्या पार्किंग लॉटमध्ये नेलं. तिथे तिन्हीसांजेला ग्रॅकल नावाचे काळे पक्षी शेकड्यांनी जमतात. लांब शेपटीचे, कर्कश. दत्तारामांनी पान एका झाडाच्या आळ्यात ठेवलं. पहिल्याच पक्ष्यानं चोच घातली.

“हा कावळा नाही हो,” तुमचे आजोबा हळूच म्हणाले.

दत्तारामांनी डोळे पुसले. “काळा हाय, ओरडतोय. ह्याचे पेपर कोन बघतो?”

रोझाला तुमच्या आजोबांनी भाषांतर करून सांगितलं. ती इतकी हसली की गाडीला टेकून उभी राहिली. आणि मग रडली. सासूला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

रोझा आजारी पडली तेव्हा शेवंती हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. आजार लांबला नाही. तिच्या हयातीत एका वकिलानं सांगितलं होतं की अमेरिकन बायकोच्या नावावर माफीचा अर्ज करता येईल, पण त्यासाठी दत्तारामांनी आधी भारतात जायचं आणि तिथे वाट बघायची. रोझा म्हणाली होती, “तू गेलास की ते तुला परत येऊ देणार नाहीत. मला कागद नको, मला नवरा पाहिजे.” त्या वेळी ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. आम्हा सगळ्यांनाच.

शेवंती सैन्यात गेली. ती का गेली याची कारणं तीही वेगवेगळी सांगायची. कॉलेजची फी, जग बघायचं, सहा वाजता उठायची शिस्त. पण भरतीच्या कचेरीतल्या माणसानं तिला सांगितलं होतं की सैनिकाच्या आईवडिलांना संरक्षण मिळतं. माझ्या स्वयंपाकघरात पोळी खात खात ती म्हणाली, “काकू, आय साइन, बाबा गेट्स टू स्टे. दॅट्स द डील.” मी म्हटलं, बाबांना विचारलंस का? “बाबा म्हणतो, नको. म्हणून तर आधी साइन केलं.”

आता मी तुम्हाला त्या समारंभाबद्दल सांगते, कारण दत्तारामांचा विचार मनात आला की मला आधी तोच दिवस दिसतो.

प्रशिक्षण संपलं की सैनिकांचा एक सोहळा असतो. कवायत होते, भाषणं होतात, आणि मग सगळे सैनिक मैदानावर ताठ उभे राहतात. नजर समोर, हात बाजूला. घरच्या माणसानं येऊन खांद्याला हात लावेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. हात लागला की ते मोकळे. तशी तिथली प्रथा आहे. मैदानभर आया धावतात, बाप धावतात. आणि ज्यांचं कुणी आलेलं नसतं ते तसेच उभे राहतात, कुणीतरी परक्यानं दया येऊन हात लावेपर्यंत.

आम्ही तिघं गाडीनं गेलो, बरंच लांब. दत्तारामांनी आदल्या दिवशी नारळाच्या वड्या केल्या होत्या. नवा शर्ट. कानात अत्तराचा फाया. लष्करी तळाच्या फाटकापाशी रांग होती, आणि पुढे सैनिक प्रत्येकाचं ओळखपत्र बघत होता. हे आम्हा दोघांच्या लक्षातच आलं नव्हतं. दत्तारामांच्या लक्षात होतं, घरून निघाल्यापासून. फाटकाच्या अलीकडच्या पेट्रोलपंपापाशी ते म्हणाले, “मला इथं उतरवा.”

“अहो, पण—”

“तुम्ही जा, वहिनी. उभी ऱ्हायली तर? सगळ्यांचे येतील नि ती उभी ऱ्हायली तर?”

ते वड्यांचा डबा घेऊन उतरले. तुमच्या आजोबांना चष्मा पुसल्याशिवाय गाडी लावता येईना, इतके त्यांचे डोळे भरले होते.

मैदानावर सगळे एकसारखे दिसतात. एकसारख्या टोप्या, एकसारख्या हनुवट्या. मला ती सापडेना. माझ्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडत, रडत आपापल्या मुलांच्या गळ्यात पडत होते, आणि मी साडी सावरत रांगेतून चेहरे बघत चालले होते. मग दिसली. समोर बघत होती. डोळे हलवायचे नसतात, तरी ते हलत होते, माझ्या खांद्यावरून मागे, त्याच्याही मागे. मी तिच्या खांद्याला हात लावला.

“बाबा कुठाय?” ती म्हणाली.

संध्याकाळी तिला बाहेर जायची परवानगी मिळाली. पेट्रोलपंपाच्या मागे, बर्फाच्या यंत्राच्या सावलीत, ते दुपारभर उभे होते. ती वर्दीत धावत गेली. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, टोपी किंचित सरळ केली आणि विचारलं, “जेवलीस?”

वकीलबाई हुशार होत्या आणि त्यांनी आम्हाला फसवलं नाही. त्या भल्या बाईनं सगळं दोनदा समजावून सांगितलं. मी शिस्तीत टिपून घेतलं, मला वाटलं होतं की नीट टिपलं की मार्ग दिसेल. सैनिकाच्या आईवडिलांना, जोडीदाराला, मुलांना सवलत आहे हे खरंच. परदेशी तळावर असताना सैनिकाला घरच्यांची धास्ती नसावी, म्हणून. जे कुणाच्या नजरेला न पडता सीमा ओलांडून आले, त्यांना ती सवलत मिळाली की पुढे ग्रीन कार्डाचंही दार उघडू शकतं. पण जहाजाचा नोकर म्हणून पास घेऊन जो उतरला, त्याला ते दार कायद्यानंच बंद. का उतरला याच्याशी कायद्याला काही घेणं नव्हतं. कसा उतरला, एवढंच.

“तुम्ही लपून आला असतात तर मला तुमच्यासाठी अधिक करता आलं असतं,” वकीलबाई म्हणाल्या. मी मराठीत सांगितलं.

दत्तारामांनी विचारलं, “म्हंजे मी गुड मॉर्निंग केलं ते चुकलं?”

मी ते इंग्रजीत केलं नाही.

दुसरा रस्ता भारतात जाऊन अर्ज करण्याचा. पण इतकी वर्षं बिनपासाचे राहिल्यामुळे बाहेर पडल्याबरोबर दहा वर्षांची बंदी लागणार. तिच्यातून माफी मागता येते ती बायकोच्या किंवा आईवडिलांच्या नावावर. मुलीच्या नावावर येत नाही, मुलगी सैन्यात असली तरी. रोझाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मंडळातला राजेश, नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, मनानं फार चांगला मुलगा. तो त्या आठवड्यात आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, सिंपल आहे यार. सांगून टाका ना, नदी क्रॉस करून आलो. थर्टी इयर्स झाली. कोण चेक करणार?”

“नदी?” दत्ताराम म्हणाले.

“हो.”

“मला पोहता येत नाय.”

राजेश ओरडलाच, “काका, तुम्ही जहाजावर होता!”

“जहाज पोहतं. मी कशाला पोहू?”

आम्ही पोट धरून हसलो. राजेश म्हणाला, लोक चालतही येतात काका, पाणी गुडघाभर असतं. दत्तारामांनी त्याला आणखी एक पुरणपोळी वाढली आणि विषय संपवला. नंतर मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते, ते पुसत होते. कप पुसता पुसता म्हणाले, “वहिनी, ती वर्दीत हाय. तिनं हात वर करून शपथ घेतलीय. तिच्या नावाच्या कागदावर मी नदी कशी लिहू?”

शेवटी त्यांना मिळाली ती एक तात्पुरती सवलत. तिचा अर्थ एवढाच की तुम्ही इथले नाही, पण तुमची मुलगी सैन्यात आहे म्हणून सध्या तुम्हाला घालवत नाही. मुदत दोन वर्षं. मात्र तिच्याबरोबर काम करायचा परवाना आला आणि परवान्याबरोबर लायसन्स.

लायसन्स मिळालं त्या दिवशी ते स्वतः गाडी चालवत आमच्याकडे आले. चेहरा पडलेला. 

“काय झालं?”

“सकाळपास्नं फिरतोय. तीनदा हायवेला जाऊन आलो. जरा जोरातपन मारली. एक पोलीस थांबवंल तर शप्पथ!” त्यांनी ते कार्ड माझ्यापुढे धरलं. “दाखवायचं कुनाला?”

मग तुमच्या आजोबांनी ड्राइव्ह-वेमध्ये उभं राहून हात वर केला, गाडी थांबवली, काचेवर टकटक केलं आणि टेक्सासच्या पोलिसाच्या आवाजात म्हणाले, “लायसन्स, सर.” दत्तारामांनी दिलं. आजोबांनी ते उलटसुलट बघितलं, “हॅव अ गुड डे” म्हणून परत केलं. ईशान, तू त्या उन्हाळ्यात इथेच होतास. तुला वाटलं होतं हा खेळ आहे आणि तू म्हणाला होतास, आता माझी टर्न.

ती सवलत एकदा वाढवून मिळाली. दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा हवा बदलली होती. नियम तोच होता की बदलला होता, हे वकीलबाईंनाही नक्की सांगता येईना. पूर्वी उत्तर यायचं तेवढ्या वेळात उत्तर आलं नाही. मुदत संपली. शेवंती तेव्हा परदेशी तळावर होती, आपल्या तुकडीतल्या जखमींची काळजी घ्यायचं तिचं काम. मग दत्तारामांना इमिग्रेशनच्या कचेरीत हजर राहायचा निरोप आला.

शेवंतीचा तिकडून फोन. “काकू, डोन्ट लेट हिम गो.” दोन मिनिटांनी पुन्हा. “नाही, जाऊ दे. नाही गेला तर वर्स होईल ना? वकील काय म्हणते? काकू, टेल मी व्हॉट टू डू.” मी माझ्या विद्यार्थ्यांना आयुष्यभर प्रश्नांची उत्तरं सांगत आले. तिला मी म्हटलं, बाळ, वकीलबाई म्हणतात जायला हवं.

“जातो,” दत्ताराम म्हणाले. “बोलावलंय तर जायचं. पळून कुठं जानार? मला ह्या वयात दुसरा देश नको.”

मी गाडी चालवली. त्यांनी वाटेत मला दोनदा लेन बदलायला सांगितलं. कचेरीच्या बाहेर माणसांची रांग होती, काहींच्या कडेवर मुलं. दत्तारामांकडे एका पाकिटात शेवंतीचा वर्दीतला फोटो आणि तिच्या अधिकाऱ्यांचं पत्र होतं. दारावरचा अधिकारी तरुण होता आणि अतिशय सभ्य. “दिस वे, सर.” मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही बाहेर थांबा.” वकीलबाई त्यांच्याबरोबर आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या एकट्या. त्यांच्या हातात तेच पाकीट होतं.

“फोटो बघितला अधिकाऱ्यांनी,” त्या म्हणाल्या. “थँक यू फॉर हर सर्व्हिस, म्हणाले.”

त्यानंतर आम्ही जे जे करता येईल ते केलं. पत्रं, फोन, लोकप्रतिनिधीची कचेरी. तिथल्या मुलीनं आस्थेनं सगळं लिहून घेतलं. मंडळातल्या साठ घरांनी सह्या केल्या, काहींनी केल्या नाहीत. आपल्याच व्हिसाची वाट बघणारी ती माणसं, त्यांना दोष कसा देणार? शेवंतीनं रजा मागितली. ती मंजूर झाली, पण तिचं विमान निघायच्या आधी त्यांना भारतात परत पाठवणारं विमान निघालं. ती इथे आली तेव्हा मी तिला स्टॅफर्डच्या घराची किल्ली दिली. ती त्या पट्टीच्या टेबलापाशी बसली आणि म्हणाली, “काकू, मी काय करायचं राहिलं? इज देअर समथिंग आय मिस्ड?” मी पाणी आणायला उठले.

आता ते त्यांच्या बहिणीकडे असतात. फोनवर बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. गावात त्यांना सगळे ‘अमेरिकेवाले’ म्हणतात. शेवंती जमेल तेव्हा जाऊन येते. दहा वर्षांची बंदी संपेल तेव्हा ते शहात्तर वर्षांचे असतील.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ह्यूस्टनच्या उत्तरेला, जंगलातल्या त्या कैदेच्या इमारतीत. भेटीची खोली गारठणारी, मधे जाड काच, दोन्ही बाजूंना फोनचे रिसीव्हर. त्यांच्या अंगावर निळे सैल कपडे होते, बाह्या दुमडलेल्या. आम्ही काय बोललो ते फारसं लक्षात राहण्यासारखं नव्हतं. तुमच्या आजोबांचा गुडघा, तिथली डाळ. डाळीला फोडणी नाय, पोरांना कसं जातं, असं ते सांगत होते. आत पुष्कळ तरुण मुलं होती, त्यांना ते ‘पोरं’ म्हणत.

मधेच फोन बंद झाला. वेळ संपली की तो आपोआप बंद होतो. माझ्या बाजूला ते कळलं, कानात एकदम काही उरलं नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं, कारण ते बोलतच होते. रिसीव्हर खांद्यानं कानाशी दाबून दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होते, एक हात खाली, एक वर, मग बोटांनी चिमूट. मधेच हसले. मग थांबून माझ्याकडे बघितलं, काहीतरी विचारलं असावं. मी रिसीव्हर तसाच कानाला धरला आणि मान हलवून ‘हो’ म्हटलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. पाठीमागून पहारेकरी आला, तरी ते आणखी थोडं बोलले, आणि मी मान हलवत राहिले.